कुसुमताईंचा पसारा

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे त्यांचं नाव कुसुम तायडे. आई-वडिलांचं नाव आधी घ्यायला हवं हे मला कळतं, पण माझी बहीण हा लेख आईला वाचून दाखवेल तेव्हा आईसुद्धा मान हलवून म्हणेल, बरोबर लिहिलं पोरानं. जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी मी कामावर, प्रयोगशाळेत होतो, तेव्हा ताईंच्या मुलीचा, ऊर्मिलाचा, फोन आला. ऊर्मिला इथंच, नेदरलँडमधल्या वाखनिंगनमध्ये, जन्मलेली आणि वाढलेली. आई मराठीत बोलायची आणि ती डचमध्ये उत्तर द्यायची, चाळीस वर्षं त्या घरात असंच चाललं होतं. त्या दिवशी मात्र ती मराठीत म्हणाली, "सिद्धार्थ, आई गेली." आणि मग थांबली... पुढचं मराठी तिला येत नव्हतं. आज सहा आठवड्यांनी लिहायला बसलोय ते रडण्यासाठी नाही. ताईंनी एक काम हाती घेतलं होतं, ते मी माझ्या हातांनी जवळजवळ बुडवलं होतं, आणि त्याचं पुढं काय झालं ते नीट लिहून ठेवायला हवं, एवढ्यासाठीच हा लेख.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. आई नगरपंचायतीत झाडूकाम करते, वडील एसटी स्टँडबाहेर पंक्चर काढतात. शाळेत असताना ग्रामस्वच्छतेची मोहीम आली. त्या दिवशी सरपंचांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांनी हातात खराटा घेतला, आणि आमच्या वर्गाला पहिलं बक्षीस मिळालं. रोज एकटीनं रस्ता झाडणाऱ्या बाईच्या मुलाला सगळं गाव झाडताना बघून काय वाटलं असेल ते मी सांगत बसत नाही. पण स्वच्छता ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होऊन बसली, ती तेव्हापासून. पुढं शिष्यवृत्ती मिळाली आणि दुग्धशास्त्र शिकायला मी वाखनिंगनला आलो. विद्यापीठामागच्या जंगलात, टेकडीच्या उतारावर एक छोटा ओढा आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण गळ घेऊन येणारे लोक मराठी वर्तमानपत्रंही भाषांतर करून वाचतात म्हणे. मी पहिल्याच शरद ऋतूत तिथं फिरायला गेलो आणि मला वाईट वाटलं. एवढा स्वच्छ देश, आणि ओढ्यात फांद्या पडलेल्या, आडवे ओंडके, कुजलेल्या पानांचे ढीग... जणू कुणी वाली नाही.

आमचा एक मराठी ग्रुप आहे. आइंडहोवन, न्यूनेन, वाखनिंगन, सगळीकडची मिळून पन्नासेक कुटुंबं, बहुतेक आयटीतली, काही माझ्यासारखी संशोधन करणारी. दरवर्षी एप्रिलमध्ये आम्ही बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. त्या वर्षी मी सुचवलं की नुसती भाषणं आणि जेवण नको, श्रमदान करू. सगळ्यांना पटलं. मी खेमेंटेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, रीतसर ईमेल केली. त्यांनी वाटेकडेचा कचरा उचलायला हातमोजे, चिमटे आणि पिशव्या दिल्या. कचरा निघाला जेमतेम दीड पिशवी. चाळीस माणसं, सगळी तयारीनिशी आलेली, न्यूनेनहून तर दोन गाड्या भरून आलेल्या... आता करायचं काय? मी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरलो. माझ्यामागं सगळे उतरले. तीन तासांत आम्ही ओढ्याचा मोठा पट्टा आरशासारखा केला. एकेक फांदी उपसली, पानांचे ढीग फावड्यानं काढले, काही ओंडके खुंट्यांनी ठोकलेले होते तेही उपटले. मला वाटलं, जुन्या कुंपणाचं काहीतरी असेल. सगळी लाकडं काठावर लांबीप्रमाणे रचून ठेवली. मग 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो जोडून ग्रुपवर टाकले. टाळ्यांचे, निळ्या झेंड्यांचे एवढे मेसेज आले की मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "जयभीम. मी कुसुम तायडे. तुमच्या ग्रुपवरचे फोटो मला कुणीतरी पाठवले. फोटोत निळ्या स्वेटरमध्ये, हातात ओंडका धरून हसतोय तो तूच का?"

मी मोठ्या आनंदानं हो म्हणालो.

"काय करून ठेवलं बाप्पा हे! ओढ्याला झाडू मारला? तुले कोणं सांगतलं होतं?"

ताई मूळच्या अकोल्याच्या. एरवी स्वच्छ पुणेरी बोलायच्या, पण राग आला की वऱ्हाडी निघायचं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की पलीकडची बाई भयंकर चिडली आहे. अर्ध्या तासात ओढ्यावर ये, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मी सायकल दामटत पोचलो तेव्हा त्या काठावर उभ्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, ठेंगण्या, छातीपर्यंत येणारी रबरी विजार घातलेल्या, पांढऱ्या केसांचा बॉयकट. शेजारी खेरिट नावाचे निवृत्त सुतार होते, ताईंबरोबर दर रविवारी काम करणाऱ्या गटातले. खेरिट आमच्या रचलेल्या लाकडांकडे बघत एवढंच म्हणाले, "इतकी नीट रास मी आयुष्यात पाहिली नाही." ताईंना हसू आलं नाही. त्यांनी मला सांगितलं ते असं. त्या पाण्यात ट्राउट मासे असतात. खाली, ओढा मोठ्या नदीला मिळतो तिथं अजूनही थोडे आहेत. पूर्वी ते हिवाळ्यात वर चढून येत आणि गोट्यांमध्ये अंडी घालत. मग गिरण्यांसाठी बांध घातले, शेतांसाठी ओढा सरळ केला, गोटे उपसून नेले, आणि मासे वर यायचे थांबले. बांध काढून झाले होते. गोटे ढकलगाडीनं परत आणून टाकले होते. पण वरून वाळू वाहत येते आणि गोट्यांच्या फटींत बसते, आणि फटी बुजल्या की अंडी गुदमरतात. त्यासाठी ती लाकडं. आडवा ओंडका पाण्याला अडवतो, एका बाजूनं जोरात काढतो, आणि ते जोराचं पाणी गोट्यांवरची वाळू धुऊन नेतं. प्रत्येक ओंडका कुठं, किती तिरका, हे ठरवून ठोकलेला. पानांच्या ढिगांत बारीक झिंगे राहतात, ते माशांच्या पिलांचं खाणं. "सहा हिवाळे लागले मला हा पसारा घालायला," त्या म्हणाल्या. "तुम्ही तीन तासांत आवरलात. शिस्तीचे लोक रे आपण, फार शिस्तीचे."

मला वाटलं माझं शिक्षण संपलं. व्हिसा जाईल, शिष्यवृत्ती जाईल, सेनगावात तोंड कसं दाखवू... त्या आठवड्यात स्वयंसेवकांची बैठक होती. ताई मला घेऊन गेल्या. वीसेक डच म्हातारे, कॉफीचे कप, आणि मी हात जोडून उभा. मी इंग्रजीत सुरुवात केली की मी अत्यंत नम्रपणे क्षमा मागतो, यापुढे असं घडणार नाही, आपण मोठ्या मनानं... तेवढ्यात ताई शेजारून मराठीत म्हणाल्या, "हात सोड. कोर्टात नाहीस तू. काय उचललं, कुठून, किती, ते सांग. क्षमेचं त्यांना काही करता येत नाही, माहितीचं येतं." मी हात सोडले. फोटो काढून दाखवले, कुठला ओंडका कुठून काढला असं आठवेल तेवढं नकाशावर दाखवलं, आठवत नव्हतं ते आठवत नाही असं सांगितलं. कुणीही ओरडलं नाही. एका बाईंनी मला कॉफी दिली. चूक झाल्यावर माणसानं लहान व्हायचं नसतं, उपयोगी पडायचं असतं, हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षी कळलं. कुणी डिग्रीत शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आमच्या चाळीसांपैकी अकरा जण आले. सॉफ्टवेअरवाले, एक चिप बनवणारी यंत्रं तपासणारा, त्यांच्या बायका. तीन तासांत काढलेलं परत घालायला पाच महिने लागले. ताईंची पद्धत अशी की ओंडका धरायचा, पण ठोकायचा नाही. आधी वरच्या बाजूनं एक पान पाण्यात सोडायचं आणि ते कुठून जातं बघायचं. ओंडका वीतभर फिरवायचा, परत पान. कधीकधी एका ओंडक्याला पूर्ण सकाळ जायची. आइंडहोवनचा आमचा राहुल एकदा वैतागून म्हणाला, "ताई, मी याचं सिम्युलेशन करून देतो ना लॅपटॉपवर!" ताई म्हणाल्या, "कर ना. तोवर तेवढं पान सोड."

त्याच दिवसांत एकदा डबा खाताना मी त्यांना सांगितलं की माझी आई झाडूकाम करते. आधी सांगितलं नव्हतं. त्यांनी पोळी खाली ठेवली. पहिल्या फोनवर आपण 'झाडू मारला?' असं विचारलं होतं ते त्यांना आठवलं असावं. म्हणाल्या, "आईला फोन लाव." मी लावला. स्पीकरवर आईचा घाबरलेला आवाज आला, "पोरानं काही चूक केली का हो बाई?"

"केली ना," ताई म्हणाल्या. "तुमच्यासारखं चकचकीत काम केलं, तीच पंचाईत झाली."

आईला काही कळलं नाही, पण ताई हसतायत हे कळलं. त्यानंतर दोघी दर पंधरा दिवसांनी बोलायच्या. काय बोलायच्या ते मला दोघींनीही कधी सांगितलं नाही. फक्त एकदा आई मला म्हणाली, "तुझ्या ताईंनी सांगितलं, ती मासोळीसुद्धा अंडी घालायच्या आधी शेपटीनं जागा झाडून घेते. खरं का रे?" मी खरं म्हणून सांगितलं. मादी कुशीवर वळते, शेपटीनं गोटे उडवते आणि खळगा करते. "मग तिच्या कामात तू कशाला गेला होतास?" आई म्हणाली.

त्या ओढ्याबद्दल मला जे कळतं ते सगळं ताईंचं. नेदरलँडमध्ये डोंगर नाहीत असं सगळे म्हणतात, आणि आमच्याकडच्या माणसाला ती टेकडी दाखवली तर तो विचारेल, कुठाय? पण ती टेकडी बर्फानं केलेली आहे. हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या बर्फानं जमीन पुढं ढकलली, जशी आपण दोन हातांनी वाळू ढकलतो तशी, आणि ती तशीच राहिली. आत सगळी वाळू आणि गोटे. पाऊस पडतो तो आत मुरतो आणि कित्येक वर्षांनी पायथ्याशी झऱ्यातून बाहेर येतो. ताईंनी मला एकदा कडाक्याच्या थंडीत झऱ्यात हात घालायला लावला. बाहेर सगळं गोठलेलं आणि पाणी मात्र कोमट वाटावं असं, वर वाफ. उन्हाळ्यात तेच पाणी गार. वर्षभर जवळपास एकच तापमान, आमच्या सेनगावच्या जुन्या विहिरीसारखं. "हा पाऊस तुझ्या जन्माआधी पडलाय," त्या म्हणाल्या. "वयानं मोठा आहे. अदबीनं हात घाल." काठावर अल्डरची झाडं आहेत, त्यांची सावली उन्हाळ्यात पाणी तापू देत नाही आणि मुळं काठ धरून ठेवतात. झरा, सावली, गोटे, लाकूड, पान, झिंगा, मासा... ताई ही नावं अशी घ्यायच्या जशी कुणी आपल्या गल्लीतल्या घरांची नावं घेतं.

मी एकदा म्हणालो की दुग्धशास्त्र सोडतो आणि हेच शिकतो. त्यांनी मला उभं-आडवं घेतलं. "गावानं तुला दुधाचं शिकायला पाठवलंय. ते आधी पूर्ण कर. ओढा रविवारी आहेच." माझा प्रबंध त्यांनी ओळीन् ओळ वाचला, दुधातलं त्यांना काही कळत नसताना. प्रत्येक पानावर एकच शेरा, 'म्हणजे काय?' मी पदवी घेतली त्या दिवशी आई-वडील येऊ शकले नाहीत. त्यांच्या जागेवर कुसुमताई बसल्या होत्या, निळ्या साडीत, आणि सेनगावला व्हिडिओ कॉल लावून फोन दोन्ही हातांनी उंच धरलेला. समारंभभर त्यांनी तो खाली घेतला नाही.

पण मासे येत नव्हते. त्या घटनेनंतरचा पहिला हिवाळा गेला, गोट्यांवर वाळूचा थर होता. दुसऱ्या हिवाळ्यात वाळू गेली, गोटे दिसू लागले, आणि खालच्या डोहात खेरिटना एक मोठा ट्राउट दिसला, पण अंड्यांसाठी केलेलं घरटं एकही नाही. इथं पाण्याचा कारभार बघणारं एक मंडळ असतं. ओढ्यात लाकडं ठेवायची परवानगी त्यांनी ठरावीक मुदतीसाठी दिली होती, कारण पाणी तुंबेल अशी वरच्या शेतकऱ्यांना भीती होती. मुदत या हिवाळ्यात संपत होती. तोवर माशांनी अंडी घातल्याचं दिसलं तर लाकडं कायमची राहणार, नाही तर यंत्र आणून ओढा पुन्हा साफ आणि सरळ. माझ्यामुळं दोन हिवाळे वाया गेले होते, हे कुणी मला म्हटलं नाही. मला मोजता येत होतं. आणि गेल्या उन्हाळ्यात ताईंना पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी लपवलं नाही, ताईंनीही नाही. मला म्हणाल्या, "सप्टेंबरपर्यंत मी येईन काठावर. पुढं तू जायचं. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही. दिसलं तर दिसलं म्हणायचं, नाही तर नाही."

सप्टेंबरनंतर त्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांच्या शुश्रूषागृहात, होत्या. मी नोव्हेंबरातल्या प्रत्येक रविवारी उजाडताच ओढ्यावर गेलो, काठाकाठानं, पाण्यात पाय न घालता, आणि प्रत्येक रविवारी दुपारी त्यांच्या खाटेशेजारी बसून म्हणालो, "नाही ताई." त्या म्हणायच्या, "बरं." एकदाही त्यांनी 'नीट बघितलंस ना' असं विचारलं नाही. एवढा विश्वास माझ्यावर याआधी कुणी टाकला नव्हता... डिसेंबर लागला आणि त्यांना बोलणं झेपेना. ऊर्मिलानं सांगितलं, आता भेटायला नको, फोन नको, पण टपाल आलं तर ती हातात घेते. ऊर्मिलाला मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणून मी पत्र मोठ्या अक्षरात लिहिलं, ताईंना स्वतःला वाचता यावं असं. ऊर्मिला म्हणते, आईनं खाटेची डोक्याकडची बाजू वर करायला लावली, चष्मा मागितला आणि दोन सकाळी घालवून ते पूर्ण वाचलं. कुणाला धरूही दिलं नाही. मग नर्सला बोलावून, थांबत थांबत का होईना, डचमध्ये सगळं समजावून सांगितलं, आणि सांगताना हात असा चादरीवर आपटत होती की नर्सला वाटलं काही दुखतंय. ऊर्मिलानं ते पत्र मला परत आणून दिलं. ते खाली देतो.

ती. कुसुमताई,

जयभीम. दिसलं.

आज शुक्रवार, पण सुट्टी काढून गेलो होतो. सकाळी नऊला, वळणावरच्या चौथ्या ओंडक्याच्या खाली, उजव्या काठापासून दीड हातावर. पाणी स्वच्छ होतं. गोट्यांमध्ये एक फिकट पट्टा आहे, पाटाएवढा लांब, त्याच्या वरच्या अंगाला खळगा, खालच्या अंगाला उंचवटा. मी खोडामागं बसलो. वीस मिनिटांनी मादी आली. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब असेल. ती कुशीवर वळली आणि शेपूट आपटली, पाच-सहा वेळा, तेव्हा तिच्या पोटाचा पिवळा रंग दिसला. मागं एक नर होता, दुसरा आला त्याला त्यानं हुसकावलं.

वर अजून दोन पट्टे आहेत. एक आपल्या राहुलनं धरलेल्या ओंडक्याखाली. त्याला फोन केला तर तो ऑफिसात उभा राहून ओरडला म्हणे. तिसरा पट्टा नक्की घरटंच आहे का ते मला सांगता येत नाही, म्हणून दोनच पक्के धरा.

खेरिटना बोलावलं. त्यांनी टोपी काढली, बराच वेळ बघितलं आणि पुन्हा घातली. दुपारी मंडळाच्या बाई कॅमेरा घेऊन आल्या. त्यांनी स्वतः दोन्ही घरटी मोजली, नकाशावर खुणा केल्या. जाताना म्हणाल्या की लेखी पुढच्या आठवड्यात येईल, पण मी तुम्हाला आजच कळवलं तरी चालेल. तेव्हा कळवतो : लाकडं राहणार.

आईला सांगितलं. ती म्हणाली, ताईंना सांग, बाळंतपण नीट होऊ द्या, गर्दी करू नका.

पिल्लं मार्चमध्ये गोट्यांतून वर येतील. तोवर त्या पट्ट्यात कुणी पाय घालू नये म्हणून मी आणि खेरिटनी काठावर पाटी लावली आहे. वर डचमध्ये आहे, खाली मराठीत. खेरिटनी विचारलं, मराठी कशाला? मी म्हटलं, आमच्या लोकांसाठी. मराठीत एवढंच लिहिलं आहे :

येथे काहीही आवरू नये.

तुमचा,
सिद्धार्थ